वऱ्हाडी उच्चार आणि फूर्ये रूपांतर : एका छोट्या आज्ञावलीच्या आधारे विवेचन

मराठी लिपीत ‘जरा’ हा शब्द एकाच रीतीने लिहिला जातो. परंतु त्याचे उच्चार दोन आहेत. ‘जरा थांबा’ यातील ज दंततालव्य होय, तर वार्धक्य या अर्थाच्या ‘जरा’ शब्दातील ज तालव्य होय. ‘चार पेंढ्या चारा’ या तीन शब्दांत च दोनदा येतो. संख्यावाचक ‘चार’मधील च तालव्य आणि गुरांच्या ‘चारा’ मधील च दंततालव्य. नित्याच्या लेखनात हा भेद कोणत्याही चिन्हाने दाखविला जात नाही. तेव्हा एखाद्या बोलीत हा भेद कोठे टिकला आहे व कोठे ढळला आहे हे ठरवावयाचे झाल्यास लिखित पुरावा निरुपयोगी ठरतो. उरतो तो प्रत्यक्ष उच्चार आणि त्या उच्चाराचे ध्वनिमुद्रण.

वऱ्हाडीच्या अभ्यासकाला याच प्रकारचा आणखी एक प्रश्न पडतो. प्रमाण मराठीतील ळ च्या जागी या बोलीत अनेकदा य ऐकू येतो. ‘डोळा’ चा ‘डोया’ होतो, ‘काळा’ चा ‘काया’ होतो. पण प्रत्येक बोलणारा प्रत्येक वेळी तसे बोलतोच असे नाही. शाळेतील भाषा आणि घरातील भाषा एकाच तोंडी नांदत असल्या म्हणजे ‘डोळा’ आणि ‘डोया’ यांच्या दरम्यानचे उच्चारही कानी पडतात.

उदाहरणादाखल अकोल्यातील जठारपेठेत ध्वनिमुद्रणास गेलेला एक विद्यार्थी कल्पावा. खेड्यातून मुलाच्या घरी राहावयास आलेल्या एका आजींचे बोलणे तो टिपून घेतो. वैशाखातील दुपार असल्यामुळे डोक्यावरचा पंखा बंद करणे शक्य नाही. रस्त्यावरील वर्दळही चालूच आहे. पुढे विभागात ते मुद्रण दोघे जण ऐकतात. एकाला ‘डोया’ ऐकू येते, दुसऱ्याला ‘डोळा’. ‘चारा’ तील च विषयीही मतभेद होतो. अशा वेळी यंत्राचा कौल घ्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि हा कौल ज्या गणिताच्या द्वारे घेतला जातो ते म्हणजे फूर्ये रूपांतर. हे गणित नेमके काय करते आणि त्याने दिलेले उत्तर कोणत्या अटींवर ग्राह्य धरावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. मूळ कल्पना

फ्रेंच गणिती झोझेफ फूर्ये (१७६८–१८३०) याचा विषय ध्वनी नव्हता, उष्णता होता. घन पदार्थात उष्णता कशी पसरते याचा विचार करीत असता, कोणतेही आवर्ती वळण हे निरनिराळ्या वेगांनी हेलकावणाऱ्या साध्या तरंगांची बेरीज म्हणून मांडता येते, असे त्याने प्रतिपादिले. १८०७ साली पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे ठेवलेल्या या विचाराला तत्कालीन श्रेष्ठ गणितज्ञांनी शंका घेतल्या. १८२२ मध्ये उष्णतेवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे ही कल्पना अधिक काटेकोर झाली आणि ध्वनी, प्रकाश व विद्युत् यांच्या अभ्यासात सर्वत्र वापरली जाऊ लागली.

ध्वनिमुद्रण म्हणजे संगणकाच्या दृष्टीने संख्यांची एक लांबलचक यादी होय. हवेच्या दाबातील चढउतार ठराविक अंतराने मोजून त्या मापांची नोंद केलेली असते. अशा प्रत्येक मापास नमुना म्हणावे आणि एका सेकंदात जितके नमुने घेतले जातात त्या संख्येस नमुनादर म्हणावे. या यादीत कोणत्या कंप्रतेचा, म्हणजे सेकंदाला किती आवर्तने करणारा, तरंग किती प्रमाणात मिसळला आहे हे शोधण्याची रीत म्हणजे फूर्ये रूपांतर. या रीतीने मिळणाऱ्या कंप्रता व त्यांचे आयाम यांच्या कोष्टकास वर्णपट म्हणतात.

२. बारा संख्यांचे उदाहरण

पुढील बारा नमुने घ्यावेत :

७, २, −५, −४, १, २, १, २, १, −४, −५, २.

नुसत्या नजरेने पाहता या संख्यांत कोणतीही सुसंगती दिसत नाही. आता या बारा नमुन्यांच्या अवधीत तीन आवर्तने पुरी करणारा एक शुद्ध कोसाइन तरंग घ्यावा. त्याच्या किमती १, ०, −१, ० अशा तीनदा येतात. वरील प्रत्येक नमुन्यास त्याच क्रमांकाच्या किमतीने गुणावे आणि गुणाकारांची बेरीज करावी. शून्याने गुणलेल्या संख्या वगळता ७ + ५ + १ + १ + ५ − १, म्हणजे १८ ही बेरीज येते. नमुन्यांच्या निम्म्या संख्येने, म्हणजे ६ ने, भागिले असता ३ मिळतात.

हीच परीक्षा दोन आवर्तनांच्या तरंगाने करावी. त्याच्या किमती १, ०·५, −०·५, −१, −०·५, ०·५ अशा दोनदा येतात. बेरीज २४ येते व तिला ६ ने भागिले असता ४ मिळतात. चार आवर्तनांच्या तरंगाच्या किमती १, −०·५, −०·५ अशा चारदा येतात. त्याने परीक्षा केली असता बेरीज बरोबर शून्य येते.

याचा अर्थ असा की वरील ओबडधोबड यादी दोन तरंग मिसळून तयार झालेली आहे : दोन आवर्तनांचा, ४ आयामाचा एक, आणि तीन आवर्तनांचा, ३ आयामाचा दुसरा. वाचकाने हे दोन तरंग स्वतः लिहून काढून त्यांची बेरीज केल्यास मूळच्या बारा संख्या जशाच्या तशा मिळतील.

ही किमया कशामुळे घडते? परीक्षेचा तरंग आणि मिश्रणातील तरंग समान आवर्तनांचे असले म्हणजे धनाशी धन आणि ऋणाशी ऋण गुणले जाऊन सर्व गुणाकार एकाच बाजूस साचतात. आवर्तने भिन्न असली म्हणजे काही गुणाकार धन व काही ऋण होऊन परस्परांना पुसून टाकतात. गर्दीत एखाद्याच्या नावाने हाक मारावी आणि त्या नावाच्या माणसानेच ओ द्यावी, तसा हा प्रकार आहे.

एक अडचण मात्र राहते. मिश्रणातील तरंग पाव आवर्तनाने पुढेमागे सुरू झाला, तर कोसाइनने केलेली परीक्षा शून्य देते आणि तरंग असूनही तो हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक कंप्रतेची परीक्षा कोसाइन आणि साइन अशा दोन तरंगांनी करावी लागते. दोन्ही बेरजांचे वर्ग मिळवून त्यांचे वर्गमूळ काढले असता तरंग केव्हाही सुरू झालेला असला तरी त्याचा खरा आयाम मिळतो.

३. आज्ञावली

वर हाताने केलेली कृती संगणकाकडून करवून घेण्यास पुढील सहा आज्ञा पुरेशा आहेत.

(१) नमुन्यांची यादी घे. तीत किती नमुने आहेत ते मोजून त्या संख्येस न म्हण.
(२) क ची किंमत १ पासून एकेक वाढवीत, ती न च्या निम्म्याहून कमी असेतोपर्यंत, आज्ञा ३ ते ६ पुनःपुन्हा पाळ.
(३) ‘कोबेरीज’ आणि ‘साबेरीज’ या दोन्ही शून्य कर.
(४) म ची किंमत ० पासून न − १ पर्यंत एकेक वाढवीत, कोन = ३६० × क × म ÷ न काढ; म क्रमांकाच्या नमुन्यास या कोनाच्या कोसाइनने गुणून तो गुणाकार कोबेरजेत मिळव, आणि साइनने गुणून साबेरजेत मिळव.
(५) दोन्ही बेरजांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढ आणि त्यास न च्या निम्म्याने भाग, हा आयाम.
(६) क × नमुनादर ÷ न ही कंप्रता आणि तिच्यापुढे आयाम लिही.

यांत एका आवर्तनाच्या पोटात दुसरे आवर्तन आहे, याहून अवघड असे काही नाही. पायथॉनसारख्या भाषेत ही आज्ञावली दहा-बारा ओळींत बसते. तेथे कोन अंशांत न देता रेडियनमध्ये द्यावा लागतो, म्हणून ३६० च्या जागी पाय या स्थिरांकाची दुप्पट लिहावी. नवशिक्याची पहिली चूक बहुधा येथेच होते. आज्ञावली लिहून होताच तिला वरील बारा संख्या द्याव्यात. दोनपुढे ४, तीनपुढे ३ आणि इतरत्र शून्य आल्याखेरीज प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणास हात लावू नये.

ही आज्ञावली योग्य असली तरी मंद आहे. न नमुन्यांसाठी तिला सुमारे न चा वर्ग इतके गुणाकार करावे लागतात. १६,३८४ नमुन्यांसाठी ही संख्या २६ कोटींच्या वर जाते. १९६५ साली कूली आणि टूकी या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मोठी यादी निम्मी, पुन्हा निम्मी अशी विभागून तेच उत्तर न ला १४ ने गुणावे इतक्या प्रमाणातील, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास, कृतींत मिळते. या युक्तीचे मूळ गाउसच्या १८०५ च्या सुमाराच्या लेखनात सापडते. नमपायसारख्या तयार संग्रहात हीच जलद रीत असते. उत्तर दोन्हींचे एकच. तथापि ज्याने एकदा मंद आज्ञावली स्वतः लिहिली आहे त्यालाच जलद आज्ञावलीचे उत्तर वाचता येते.

४. काळाची चौकट

आता जठारपेठेतील मुद्रणाकडे वळावे. ‘डोळा’ हा संपूर्ण शब्द आज्ञावलीस दिला तर काय होईल? एक वर्णपट मिळेल. पण त्यात कोणता ध्वनी आधी आला आणि कोणता नंतर, याचा पत्ता लागणार नाही. आयामांचा वर्णपट क्रमाविषयी मुका असतो. ‘रस’ या शब्दाचे मुद्रण उलट वाजविले तर कानास साधारणतः ‘सर’ ऐकू येईल. परंतु सुलट आणि उलट मुद्रणांचे आयाम तंतोतंत सारखे येतात. उच्चार हा काळात घडणारा व्यापार असल्यामुळे शब्दाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा वर्णपट स्वतंत्रपणे काढावा लागतो आणि ते वर्णपट क्रमाने शेजारी मांडावे लागतात. १९४६ साली प्रसिद्धीस आलेले ध्वनिलेखन यंत्र हेच काम विद्युन्मंडलांच्या साहाय्याने करीत असे.

तुकडा किती लांबीचा घ्यावा? नमुनादर १६,००० असेल आणि तुकड्यात ४०० नमुने घेतले तर तुकडा २५ मिलिसेकंदांचा होतो. आज्ञा (६) प्रमाणे लगतच्या दोन कंप्रतांतील अंतर १६,००० ÷ ४००, म्हणजे ४० हर्ट्झ येते. १,६०० नमुने घेतल्यास हे अंतर १० हर्ट्झवर येते, पण तुकडा १०० मिलिसेकंदांचा होतो. च मधील घर्षण बहुधा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी काळ टिकते. तेव्हा लांब तुकड्यात पुढचा आ मिसळल्यावाचून राहत नाही. काळ बारकाईने पाहावा तर कंप्रता ढोबळ होते आणि कंप्रता बारकाईने पाहावी तर काळ ढोबळ होतो. हा दोष यंत्राचा नव्हे. तो या गणिताचा अंगभूत धर्म आहे.

पंख्याचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. भारतातील घरगुती वीजप्रवाहाची कंप्रता ५० हर्ट्झ आहे. तिचा गुणगुणाट मुद्रणात शिरला म्हणजे ५०, १००, १५० अशा पटींत दिसतो. १०० मिलिसेकंदांच्या तुकड्यात ५० हर्ट्झची बरोबर पाच आवर्तने बसतात आणि त्या जागी एक स्वच्छ उंचवटा येतो. २५ मिलिसेकंदांच्या तुकड्यात मात्र सव्वा आवर्तनच बसते. आज्ञावलीच्या कोष्टकात ४० आहे, ८० आहे, पण ५० नाहीच; परिणामी तो गुणगुणाट आजूबाजूच्या घरांत सांडतो. हे सांडणे कमी करण्यासाठी तुकड्याच्या दोन्ही कडांकडील नमुने हळूहळू शून्याकडे उतरवीत नेण्याची रीत आहे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० हर्ट्झच्या जवळपास असू शकतो. तेव्हा वर्णपटातील १०० चा उंचवटा कंठाचा की विजेचा, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. त्यावर सोपा उपाय आहे : बोलणे सुरू होण्यापूर्वीची काही क्षणांची शांतताही मुद्रित करावी. शांततेतही जो उंचवटा तसाच उभा राहतो तो बोलणाऱ्याचा नव्हे.

५. ‘डोळा’ की ‘डोया’?

स्वर व स्वरसदृश ध्वनी यांच्या वर्णपटात मुखपोकळीच्या आकारामुळे काही कंप्रता उठावदार होतात. त्यांना अनुनाद म्हणावे. य उच्चारताना जीभ तालूकडे पुढे उचलली जाते व त्यामुळे दुसरा अनुनाद २००० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहूनही वर चढतो. ओ मध्ये तोच अनुनाद १००० हर्ट्झच्या जवळपास खाली असतो. म्हणून ‘डोया’ चे क्रमवार वर्णपट मांडले असता दुसरा अनुनाद खालून वर चढून पुन्हा आ कडे उतरताना दिसतो. ळ मध्ये जिभेचे टोक मागे वळून तालूस निसटता स्पर्श करते; तेथे असा चढ येत नाही आणि स्पर्शाच्या क्षणी आयाम एकाएकी घटतात. दरम्यानचा उच्चार असेल तर चढ अपुरा दिसेल. दोन श्रोत्यांचा वाद ‘हो’ किंवा ‘नाही’ ने मिटला नाही तरी तो किती अंतराचा आहे हे त्यामुळे मोजता येते.

या प्रश्नात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, निर्णायक सर्व माहिती ४००० हर्ट्झच्या खाली आहे. च चा प्रश्न याहून वेगळा आहे.

६. च चा प्रश्न आणि हरवलेला पुरावा

तालव्य च मधील घर्षण श च्या जातीचे असते; त्याची शक्ती साधारणतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात एकवटते. दंततालव्य च मधील घर्षण स च्या जातीचे असते आणि त्याची शक्ती मुख्यत्वे ४००० हर्ट्झच्या वर असते. भेद इतका ठळक असल्यामुळे वर्णपटाने तो सहज दाखवावा अशी अपेक्षा असते. पण त्यासाठी मुद्रणात ४००० च्या वरचा भाग शिल्लक असावा लागतो.

कोणत्याही नमुनादराने त्याच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतचेच तरंग विश्वासाने नोंदविता येतात. जुन्या दूरध्वनिव्यवस्थेतील सेकंदाला ८,००० नमुन्यांचा दर घेतला तर ४००० ही मर्यादा येते. अशा मुद्रणात दंततालव्य च चे घर्षण बहुतांशी गाळले जाते. दूरध्वनीवर स आणि श यांचा घोटाळा होतो तो याच कारणाने.

याहून धोक्याचा प्रकार विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आज्ञावलीत घडतो. १६,००० च्या दराने घेतलेली यादी फार मोठी वाटते, म्हणून तो एकाआड एक नमुना टाकून देतो आणि दर ८,००० झाला असे मानतो. आता मागील चार आवर्तनांच्या तरंगातील बारा किमती पुन्हा पाहाव्यात : १, −०·५, −०·५, १, −०·५, −०·५, १, −०·५, −०·५, १, −०·५, −०·५. यांतील एकाआड एक किंमत टाकली असता १, −०·५, −०·५, १, −०·५, −०·५ या सहा किमती उरतात. त्याच अवधीत येथे दोनच आवर्तने आहेत! चारांचा तरंग नाहीसा झाला नाही. तो दोनांचा वेष घेऊन पुढे आला. याच न्यायाने ५००० हर्ट्झचा तरंग ८००० − ५०००, म्हणजे ३००० हर्ट्झच्या जागी प्रकट होतो.

परिणाम काय होतो ते पाहावे. आजींनी ‘चारा’ हा शब्द शुद्ध दंततालव्य च ने उच्चारला. त्या घर्षणातील ५००० हर्ट्झच्या आसपासची शक्ती ३००० च्या आसपास येऊन बसली. हा तर तालव्य च चाच पट्टा. वर्णपट पाहून अभ्यासक निष्कर्ष काढणार की या वक्त्यात दंततालव्य च चे तालव्यीभवन झाले आहे. बोलीत न घडलेला बदल अशा रीतीने प्रबंधात घडतो, आणि तोही यंत्राच्या साक्षीने. नमुने टाकण्यापूर्वी ४००० च्या वरचा भाग गाळून घेतला असता तर हा खोटा पुरावा निर्माण झाला नसता. परंतु खरा पुरावाही उरला नसता. दोन्ही हवे असल्यास एकच मार्ग आहे : नमुने टाकूच नयेत.

७. समारोप

ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने लिखित रूपात आहेत. त्या लिपीने जे टिपले नाही ते आज कोणत्याही गणिताने परत मिळविता येत नाही. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी हाती घेतलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात प्रत्यक्ष बोलण्याची मुद्रणे गोळा करण्यात आली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मुद्रण झाले म्हणजे सर्व काही जतन झाले, ही समजूत बरोबर नाही. नमुनादर हीही एक प्रकारची लिपीच आहे. देवनागरीने च चे दोन उच्चार एका अक्षरात कोंडले. ८,००० चा दर तेच काम संख्यांच्या द्वारे करतो.

फूर्ये रूपांतर यादीत असलेले तरंग निवडून दाखविते. यादीत नसलेले ते निर्माण करीत नाही आणि वेष पालटून आलेल्यास ओळखतही नाही. म्हणून अकोला-अमरावतीच्या परिसरात मुद्रणास जाणाऱ्या विद्यार्थ्याने चार गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मूळ मुद्रण ४४,१०० किंवा ४८,००० च्या दराने व संक्षेप न करता ठेवावे. प्रत्येक मुद्रणासोबत त्याचा दर लिहून ठेवावा. आरंभी शांततेचा तुकडा घ्यावा. आणि विश्लेषणासाठी केलेले सर्व बदल प्रतीवर करावेत, मूळ मुद्रणावर कधीही करू नयेत. आज ‘डोया’ चा प्रश्न घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला उद्या दुसरा कोणी च विषयी विचारील, आणि तोपर्यंत त्या आजी उत्तर देण्यास असतीलच असे नाही.